मनाची रोजकीर्द

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. दोन वर्षांपासून ती एअर रायफल नेमबाजीचा सराव करीत होती आणि त्या दिवशी तिची पहिली जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा होती. चाळीस गोळ्या आणि चारशे गुण, असा हिशेब. सरावात तिचे गुण नेहमी ३८०च्या आसपास असत. त्यामुळे घरातून निघतानाच आम्ही मनातल्या मनात पदक जिंकून बसलो होतो.

पहिल्या दहा गोळ्यांत ९५ गुण आले. दुसऱ्या दहांत ९३. प्रेक्षकांच्या रेषेमागे उभी राहून मी प्रत्येक गोळीचा आकडा एका जुन्या पावतीच्या मागील बाजूस टिपत होते आणि चालू बेरीज करीत होते. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचा हात आकडा दिसला की स्वस्थ बसत नाही! तिसऱ्या दहा गोळ्यांत ८८ आले आणि माझ्या तोंडून नकळत एक सुस्कारा बाहेर पडला. शेवटच्या दहांत ८२. एकूण ३५८.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “आई, तू मागे उभी राहून बेरीज करत होतीस ना? मला तुझी बेरीज ऐकू येत होती.”

मी तोंडाने एकही आकडा उच्चारला नव्हता. तरीही ती खरेच बोलत होती, हे मला कळत होते. त्या एका वाक्याने मी अस्वस्थ झाले. हात तेच, रायफल तीच, अंतर तेच दहा मीटर. मग सरावातील ३८० गुणांचे स्पर्धेत ३५८ का होतात? आणि काही खेळाडूंच्या बाबतीत तसे का होत नाही? या प्रश्नांचा पाठपुरावा करताना जे वाचनात आले आणि जे अनुभवास आले, ते वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न.

सही का बदलते?

नेमबाजीचा खेळ दुरून पाहणाऱ्यास फार संथ वाटतो. धावणे नाही, झेप नाही. परंतु दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे समजले की या संथपणाचा अर्थ उलगडतो. एवढ्या सूक्ष्म ठिपक्यापुढे हृदयाचा ठोकासुद्धा अडथळा ठरतो, कारण प्रत्येक ठोक्याबरोबर रायफलीची नळी किंचित हलते. स्पर्धेच्या दिवशी हृदयाची गती वाढते, तळहातांना घाम येतो, खांदे आखडतात. शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीत असते. आणि या खेळास नेमकी त्याच्या उलट अवस्था हवी असते.

पण केवळ शरीराची धडधड एवढेच कारण नाही. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि आपणा बँकवाल्यांना ते रोज काउंटरवर दिसते. एखादे निवृत्तिवेतनधारक आजोबा तीस वर्षे एकच सही करीत आलेले असतात. एके दिवशी आपण त्यांना सांगतो, “आजोबा, सही जुळत नाही. जरा नीट करा.” आजोबा पेन घट्ट धरतात, एकेक अक्षर जपून काढतात, आणि ती सही आधीच्या सहीपेक्षाही वेगळी येते! जुना अनुभवी कर्मचारी अशा वेळी त्यांना बसायला खुर्ची देतो, चहा विचारतो, नातवंडांची चौकशी करतो आणि मग सहज कागद पुढे सरकवतो. सही बिनचूक जुळते.

सवयीने आत मुरलेली कृती आपण जाणीवपूर्वक तुकड्यातुकड्यांनी करू लागलो, की तिची लय मोडते. क्रीडा मानसशास्त्राच्या अभ्यासकांना कुशल गोल्फपटूंच्या बाबतीत हेच आढळले आहे. नवख्या खेळाडूला हाताच्या हालचालींकडे लक्ष देण्याचा फायदा होतो. मुरलेल्या खेळाडूचा खेळ मात्र त्याच गोष्टीने बिघडतो. दडपणाखाली खेळाडूचे मन दोन चुकीच्या जागी जाते. एक तर ते निकालाकडे धावते, ‘आता पदक मिळेल का?’ म्हणून, नाही तर स्वतःच्या हातांवर पहारा ठेवू लागते. दोन्ही वेळी ते असायला हवे तेथे, म्हणजे समोरच्या एका गोळीपाशी नसते.

मनाचे प्रशिक्षण म्हणजे मनाला त्या एका गोळीपाशी परत आणण्याची सवय लावणे. ही सवय उपदेशाने लागत नाही. तिच्यासाठी रियाज करावा लागतो.

अथेन्सची फरशी

या रियाजाचे आपल्या देशातील सर्वांत सविस्तर उदाहरण म्हणजे अभिनव बिंद्रा. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत ६००पैकी ५९७ गुण मिळवून तो तिसऱ्या स्थानी होता. पदक दृष्टिपथात होते. अंतिम फेरीत मात्र त्याची घसरण झाली आणि तो सातवा आला. तो ज्या जागी उभा होता तेथील फरशी पायाखाली स्थिर नव्हती, हे त्याला पुढे समजले. दुसरा एखादा खेळाडू नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. बिंद्राने घरच्या रेंजमध्ये मुद्दाम एक सैल फरशी बसवून घेतली आणि तिच्यावर उभा राहून तो सराव करू लागला.

त्याच्या आत्मचरित्रातील हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. मनाची तयारी म्हणजे ‘सर्व काही चांगले होईल’ असे स्वतःला बजावत राहणे, अशी आपली समजूत असते. बिंद्राची तयारी उलट दिशेची होती. काय काय बिघडू शकेल याचा तो आधी विचार करी आणि ते बिघडलेल्या अवस्थेतच सराव करी. बीजिंगच्या भव्य सभागृहात नजर दबून जाऊ नये म्हणून त्याने लग्नकार्यासाठीचे मोठे सभागृह भाड्याने घेऊन तेथे सराव केला. टिम हार्कनेस या क्रीडा मानसशास्त्रज्ञाबरोबर त्याने बराच काळ काम केले. ऑलिंपिकपूर्वी जर्मनीत चाळीस फूट उंच खांबावर चढण्याचे आव्हानही त्याने घेतले. अर्ध्या वाटेवर पाय थरथरू लागले, तरी तो वर पोहोचला. नेमबाजीशी त्या खांबाचा काहीएक संबंध नव्हता; संबंध होता तो भीती वाटत असतानाही पुढचे पाऊल उचलता येते, या अनुभवाशी.

११ ऑगस्ट २००८. बीजिंग. पात्रता फेरीत ५९६ गुणांसह बिंद्रा चौथा होता. अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणी गोळ्या झाडताना पहिलीच गोळी मध्यापासून बरीच दूर गेली. रायफलीच्या साइटमध्ये बिघाड झाला होता. हाती वेळ अगदी थोडा. अशा क्षणी मन कोठवर भरकटू शकते, याची कल्पना कोणीही करू शकेल. त्याने साइट जुळवून घेतली आणि मुख्य फेरीस सुरुवात केली.

त्या दहा गोळ्यांचे गुण क्रमाने असे आहेत: १०.७, १०.३, १०.४, १०.५, १०.५, १०.५, १०.६, १०.०, १०.२ आणि १०.८. हे आकडे मी एखादे ताळेबंद पत्रक वाचावे तसे कितीदा तरी वाचले आहेत. दहापैकी एकही गोळी दहाच्या खाली नाही. शेवटची गोळी शिल्लक असताना बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन या दोघांचेही ६८९.७ असे समान गुण होते. हॅकिनेनची गोळी ९.७ वर गेली आणि तो कांस्यपदकावर आला. बिंद्राने १०.८ गुण मिळवले. एकूण ७००.५ गुणांसह वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

सर्वांना आठवते ती १०.८ची शेवटची गोळी. मला मात्र १०.० आणि १०.२ या आठव्या-नवव्या गोळ्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. तेथे घसरण सुरू झाली होती, पण तो घसरला नाही. सातत्य म्हणजे प्रत्येक वेळी सर्वोत्तम कामगिरी नव्हे. आपली साधारण कामगिरीसुद्धा एका पातळीच्या खाली न जाऊ देणे, हेच सातत्य.

एका गोळीचा दिनक्रम

हे साधते कसे? जगभरातील प्रशिक्षक ज्या पद्धती वापरतात त्यांत पहिले स्थान आहे ते ठरलेल्या क्रमाला. कुशल नेमबाज प्रत्येक गोळीपूर्वी तेच करतो: पाय रोवणे, रायफल खांद्यास लावणे, गाल टेकवणे, श्वास घेणे, श्वास सोडत नळी लक्ष्यावर आणणे, श्वासाच्या स्वाभाविक विरामात चाप हळुवार दाबणे आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहणे. ठरावीक काळात नेम बसला नाही, तर रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, हाही त्याच क्रमाचा भाग. पहिली गोळी असो वा साठावी, सराव असो वा ऑलिंपिक, क्रम बदलत नाही. मनाला पकडून ठेवण्यासाठी ही एक ओळखीची दोरी असते.

या क्रमाचा कणा आहे श्वास. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती मंदावते. म्हणून श्वास सोडण्याचा काळ लांबवला, की शरीराची खळबळ शमू लागते. आपल्याकडे प्राणायामाची परंपरा असल्याने ही गोष्ट नवी नाही. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी हे ज्ञान खेळाच्या मैदानावर आणले. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले बाम स्वतः नेमबाज होते. योगशास्त्र आणि आधुनिक मानसशास्त्र यांची सांगड घालून त्यांनी अंजली भागवत, राहुल द्रविड अशा अनेक खेळाडूंना मार्गदर्शन केले. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचे मराठी पुस्तक अनेक प्रशिक्षकांच्या संग्रही असते. २०१७ साली ते निवर्तले. आपल्या देशात खेळाडूच्या मनाकडे स्वतंत्रपणे लक्ष देण्याची पद्धत रुळलेली नव्हती, त्या काळात त्यांनी हे काम उभे केले.

दुसरी पद्धत मनातल्या मनात सराव करण्याची. डोळे मिटून संपूर्ण कृती बारकाव्यांसह अनुभवायची: रायफलीचे वजन, गालाला लागणारा तिचा गार स्पर्श, छर्रा सुटण्याचा आवाज. एखादी हालचाल स्पष्टपणे कल्पिली, तर ती प्रत्यक्ष करताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांपैकी काही भाग तेव्हाही कार्यरत होतात, असे संशोधनातून दिसून आले आहे. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी लहान वयातच ही सवय लावली. झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर तो आपली शर्यत मनःचक्षूंपुढे पाहत असे, आणि त्यात बिघाडाच्या शर्यतीही असत. बीजिंगमध्येच, १३ ऑगस्ट २००८ रोजी, दोनशे मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या चष्म्यात पाणी शिरले आणि अखेरीस त्याला भिंतही दिसेनाशी झाली. तो हातांचे फटकारे मोजत पोहत राहिला. १ मिनिट ५२.०३ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत त्याने सुवर्णपदक जिंकले. पाण्याखाली आंधळे झाल्यावर काय करायचे, याचा सराव त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या आधीच केलेला होता.

चुकलेल्या गोळीचे काय करावे?

आता आपल्या मातीतील एक उदाहरण. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या गावचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करता करता नेमबाजीत पुढे आला. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन हा त्याचा प्रकार. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेम धरायचा. २०२२च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना एक गोळी ७.६ वर गेली. आघाडी गेली, पदकही गेले. पुन्हा चौथे स्थान.

चौथे स्थान हे खेळाडूच्या मनाची परीक्षा पाहणारे स्थान असते. आठव्या क्रमांकाची खंत लवकर पुसली जाते, चौथ्याची नाही. पुढच्या प्रत्येक अंतिम फेरीत ‘ती गोळी’ पुन्हा आठवण्याचा धोका असतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्वप्नील उभा राहिला, तेव्हा पात्रता फेरीतील त्याचे स्थान सातवे होते. सुरुवातीस तो मागेच होता. त्याने घाई केली नाही. गुणफलकाकडे न पाहता श्वासावर लक्ष ठेवले, असे त्याने नंतर सांगितले. एकेक पायरी चढत तो तिसऱ्या स्थानावर आला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. या प्रकारातील भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सहभागी झाल्या होत्या.

त्याच स्पर्धेत मनू भाकर हिने दोन कांस्यपदके मिळवली. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ऐन वेळी तिचे पिस्तूल नादुरुस्त झाले होते. दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला आणि अंतिम फेरी केवळ दोन गुणांनी हुकली. त्यानंतर हा खेळच नकोसा वाटण्याचे दिवस तिने पाहिले. पॅरिसमधील पहिल्या पदकानंतर तिने भगवद्गीतेचा उल्लेख केला आणि आपण फळाकडे न पाहता केवळ कर्माकडे लक्ष दिले, असे सांगितले. हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण पिस्तुलाच्या चापावर बोट असताना ते आचरणात आणण्यासाठी किती दिवसांचा अभ्यास लागत असेल!

या दोघांच्या कहाणीतून मला एक गोष्ट उमगली आणि ती सांगण्यासाठी आपल्याच व्यवसायातील शब्द मदतीला येतो. हिशेबाच्या जुन्या पद्धतीत कीर्द आणि खतावणी असते. रोजकीर्दीत आपण नफा-तोटा लिहीत नाही. त्या दिवसाचे व्यवहार लिहितो, शिल्लक जुळवतो आणि पान बंद करतो. नफा-तोटा वर्षअखेर पत्रकात उमटतोच; पण रोजच्या पानावर त्याला जागा नसते. फरक राहिला तर तो त्याच दिवशी शोधायचा, दुरुस्त करायचा. उद्याच्या पानावर ओढायचा नाही. प्रत्येक गोळी हे असे एक पान आहे. झाडली, नोंद घेतली, पान मिटले. ७.६ची गोळी त्या पानावरच राहिली पाहिजे. पुढच्या पानावर ती ‘मागील शिल्लक’ म्हणून आली, की सारा हिशेब बिघडतो.

मन म्हणजे यंत्र नव्हे

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक वाटते. मनाचे प्रशिक्षण म्हणजे मन मारणे नव्हे. बीजिंगच्या सुवर्णपदकानंतर आपल्याला विलक्षण रिकामेपण जाणवले, हे बिंद्राने मोकळेपणाने सांगितले आहे. आयुष्यातील एकमेव ध्येय गाठल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यालाही चुकला नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीसही पात्र ठरला नाही. २०१६ साली रिओ येथे तो चौथा आला. म्हणजे इतक्या तयारीच्या खेळाडूलाही प्रत्येक वेळी यशाची हमी मिळाली नाही.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाईल्स हिने तर टोकियोत, २०२१ साली, सांघिक अंतिम फेरीतून मध्येच माघार घेतली. हवेत गिरकी घेताना शरीराचे भान हरपत होते, आणि अशा अवस्थेत उडी मारणे धोक्याचे होते. त्या वेळी तिच्यावर टीकाही झाली. तिने मानसोपचार तज्ज्ञांची मदत घेतली, विश्रांती घेतली आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण व एक रौप्य अशी चार पदके मिळवली. थांबण्याचा निर्णय हाही प्रशिक्षित मनाचाच निर्णय असू शकतो, हा धडा आम्हा पालकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. झोप उडणे, भूक मंदावणे, आवडत्या खेळाचा तिटकारा येणे अशी लक्षणे मुलांत दिसली, तर ‘मन घट्ट कर’ असे न सांगता तज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

तसेच, मानसिक तयारी तंत्राची जागा घेऊ शकत नाही. ज्याचा नेम सरावात बसत नाही त्याचा तो केवळ ध्यानधारणेने स्पर्धेत बसणार नाही. जे कमावले आहे ते ऐन वेळी हाताशी राहावे, एवढेच काम मन करते. पण हे ‘एवढेच’ काही थोडे नाही.

आमच्या घरातील रोजकीर्द

या वाचनानंतर आमच्या घरी काही साधे बदल झाले. मुलीच्या सरांशी बोलून आम्ही एक वही केली. सरावानंतर तिने तीन ओळी लिहायच्या: आज क्रम किती वेळा पूर्ण पाळला, श्वास कोठे चुकला आणि उद्या कोणत्या एका गोष्टीकडे लक्ष द्यायचे. गुण त्या वहीत लिहायचे नाहीत, असा नियम तिने स्वतःच घातला. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे डोळे मिटून ती दहा गोळ्या मनात झाडते. आठवड्यातून एकदा आम्ही घरचे सर्वजण तिच्या सरावात मुद्दाम गोंगाट करतो. धाकटा भाऊ या कामात फारच मनापासून भाग घेतो!

सर्वांत कठीण बदल माझ्या वाट्याला आला. मागे उभे राहून बेरीज न करणे. प्रथम मला वाटले, यात काय अवघड आहे? परंतु सरावाच्या वेळी नजर आपोआप गुणांच्या पडद्याकडे जाई आणि बोटे पेन शोधत. तेव्हा लक्षात आले की मुलीइतकीच मलाही प्रशिक्षणाची गरज आहे. घरी आल्यावर ‘किती गुण आले?’ हा माझा पहिला प्रश्न असे. त्याऐवजी ‘आज कसं वाटलं?’ असे विचारायला शिकण्यास मला दोन महिने लागले.

बँकेतही मी हे थोडे थोडे करून पाहते. आमच्या शाखेत पूर्वी एक हेड कॅशियर होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनाची रांग दारापर्यंत गेलेली असली, तरी त्यांच्या हालचालीत घाई नसे. समोरचा ग्राहक, समोरचे पाकीट, समोरची नोट. गेलेल्या ग्राहकाचा राग नाही, येणाऱ्या रांगेची धास्ती नाही. संध्याकाळी त्यांची रोकड जुळायला कधी वेळ लागल्याचे मला आठवत नाही. त्या काळी मी त्यांना संथ समजत असे. आज वाटते, की ते आमच्या शाखेतील अव्वल नेमबाज होते. दोन ग्राहकांच्या मध्ये एक दीर्घ श्वास सोडणे, एक काम पूर्ण करूनच दुसऱ्यास हात घालणे, सकाळी झालेली चूक दुरुस्त केल्यावर ती दुपारच्या कामात न ओढणे, या गोष्टींसाठी कोणत्याही रेंजची गरज नाही.

यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा जिल्हास्तरीय स्पर्धा झाली. मी तिला दारापर्यंत सोडले आणि बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसले. एकही ओळ वाचून झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. तासाभराने ती बाहेर आली. पदक नव्हते, ती सहावी आली होती. वाटेत मी ठरल्याप्रमाणे विचारले, “आज कसं वाटलं?”

ती म्हणाली, “चौदावी गोळी फार वाईट गेली, आई. मग मी रायफल खाली ठेवली, तीनदा श्वास सोडला आणि पंधरावी पहिली समजून मारली.” थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितले, “शेवटच्या दहात चौऱ्याण्णव आले. पहिल्या दहातही चौऱ्याण्णवच होते.”

मी बेरीज केली नाही. त्या दोन आकड्यांतच मला माझी शिल्लक जुळलेली दिसली.